‘खादाड’ म्हणू नकोस

कारेलीबाग, बडोदे

प्रिय ताई,


परवा फोनवर बोलता बोलता तू नातवाला ‘खादाड’ म्हणालीस. तो शेजारीच होता. त्याचं हसणं एकदम थांबलं, ते मला इथे कळलं. आपल्या धाकट्या भावालाही आपण हेच म्हणायचो ना? पंगतीत तो मान खाली घालून जेवायचा. ते आठवलं आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

भूक म्हणजे नुसते जिभेचे चोचले नाहीत गं. अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत सतत खाणारे लठ्ठ उंदीर होते. डग्लस कोलमन यांनी त्यातला एक निरोगी उंदराला जोडला, दोघांचं रक्त एकमेकांत फिरू दिलं. लठ्ठ उंदराचं खाणं कमी झालं! रक्तातून काहीतरी निरोप येत होता. तो निरोप ज्यात लिहिलेला असतो तो जनुक 1994 मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला सापडला. त्याच्या हुकमाने चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक तयार करतात, आणि ते मेंदूला सांगतं: साठा पुरेसा आहे, आता थांब.

इंग्लंडमधल्या एका मुलीत हा जनुक जन्मापासूनच बिघडलेला होता. नऊ वर्षांची पोर, वजन 94 किलो. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर वर्षभरात 16 किलो उतरलं. त्याआधी तिला किती जण टोचून बोलले असतील, ताई!

असा बिघाड फार विरळा, तेव्हा लगेच इंजेक्शनांची चौकशी करू नकोस. बहुतेक जाड माणसांत लेप्टिन भरपूर असतं, मेंदू त्याला दाद देत नाही. आणि खाणं तोडलं की लेप्टिन उतरतं, भूक उलट खवळते. तू त्याची पोळी निम्मी केलीस आणि तो रात्री डबे धुंडाळतो, ते यामुळेही असेल.

तुझ्या पुण्यातच, के.ई.एम. रुग्णालयात, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलंय की आपल्याकडची बाळं वजनाला हलकी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त. हा कल आईच्या पोटातूनच येतो. त्यात त्या पोराचा काय दोष?

एखाद्या चांगल्या बालरोगतज्ज्ञाला दाखव. सुट्टीत त्याला इकडे पाठव. संध्याकाळी आम्ही दोघं चालायला जाऊ, आणि घरात सगळ्यांना एकच जेवण असेल. रविवारी फोन करते, तेव्हा आधी त्याच्याकडे दे.

तुझी,
धाकटी