पाँडिचेरी, दुसऱ्यांदा
दक्षिणेची दैनंदिनी : भाग पहिला

सोमवार, दौंड

शिरूरला रेल्वे नाही. त्यामुळे शिरूरकराला दक्षिणेत जायचं तर आधी दौंड गाठावं लागतं, आणि दौंडात मेहुणा राहत असेल तर आदल्या रात्रीचा मुक्काम ठरलेला. ताई आणि दाजी कालच आले. येताना धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि घरच्या कांद्यांची पिशवी. दाजी माळकरी, चासकमानच्या कालव्याच्या टेलचे शेतकरी. बागायतदार म्हणवून घेण्याइतकं पाणी त्यांना कधीच मिळत नाही.

"पाव्हणं, एकदा बघितलेलं गाव परत कशाला? त्यापरीस रामेश्वर करू," असं त्यांचं गाडी फलाटाला लागेपर्यंत चालू होतं.

मी 2015 मध्ये पाँडिचेरी पाहिली ती ऑफिसच्या मित्रांबरोबर. पिवळ्या भिंती, आश्रम, ऑरोविल, समुद्रकाठचा रस्ता. यादी हातात होती आणि एकेक नाव खोडत गेलो. या खेपेला खोडायला काही नाही. आपण पूर्वी पाहिलेल्यातलं काय टिकलंय, काय गेलंय आणि काय पुन्हा उभं राहिलंय, तेवढं पाहायचं. ही म्हणाली, "म्हणजे पंचनामाच की."

गाडी हलली तशी ताईने डबा उघडला. रामेश्वर मागे पडलं.

बुधवार, पाँडिचेरी

चेन्नईहून किनाऱ्याच्या रस्त्याने दुपारी पोचलो. सामान टाकून थेट समुद्रावर. संध्याकाळी हा रस्ता वाहनांना बंद असतो, त्यामुळे सगळं गाव पायी उतरतं. लाल केपी टोपीतला पोलीस दिसल्यावर ताईने दाजींना ढोसलं, "बघा, फ्रेंच हवालदार!" टोपी फ्रेंच, मिशा मात्र अस्सल तमिळ.

मागच्या खेपेला इथे पाण्याला पाय लावायची सोय नव्हती. काळे दगड रचलेले आणि त्यांवर आपटणाऱ्या लाटा. बंदराचे बांध समुद्रात गेल्यावर किनाऱ्याने सरकणाऱ्या वाळूची वाट अडली आणि शहरापुढची पुळण समुद्राने गिळली, म्हणून ते दगड. 2018 च्या सुमारास चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा पोलादी बांध बसवला. लाटांचा जोर मोडला, वाळू साचू लागली. आज त्या वाळूवर पोरं पतंग उडवत होती. ही चपला हातात घेऊन सरळ पाण्यात गेली.

थोडं पुढे मेरी, म्हणजे फ्रेंचांच्या काळातली नगरपालिकेची इमारत. एकोणिसाव्या शतकातली ही वास्तू नोव्हेंबर 2014 च्या पावसात कोसळली होती आणि मी तिच्या जागी राडारोडाच पाहिला होता. 2021 मध्ये ती जुन्याच रूपात पुन्हा उभी राहिली. पांढरीशुभ्र, सरळ खांबांची. दाजींनी भिंतीवर बोटाची गाठ वाजवून पाहिली. "काम चोख आहे," म्हणाले. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या कांदाचाळीची भिंत बसली, तेव्हापासून ते कुठलीही भिंत वाजवून पाहतात.

गुरुवार, पाँडिचेरी

रांजणगावच्या महागणपतीला चतुर्थी न चुकवणारे दाजी मनकुळ विनायगराचं नाव ऐकून खुलले. हे देऊळ फ्रेंच यायच्या आधीचं, आणि आज ते बरोबर त्यांच्या गोऱ्या वस्तीत आहे. इथली लक्ष्मी हत्तीण मला आठवत होती. दारात उभी असायची, नाणं सोंडेत घेऊन माहुताला द्यायची आणि तीच सोंड आपल्या डोक्यावर ठेवायची. 30 नोव्हेंबर 2022 ला सकाळच्या फेरीत ती रस्त्यातच कोसळून गेली आणि तिच्या अंत्ययात्रेला सगळं शहर लोटलं. फुलवालीकडे हत्तिणीचा विषय निघताच तिने गजरा मोजायचा थांबवला, डोळ्यांना पदर लावला आणि मग हिशेब पुन्हा पहिल्यापासून धरला.

तिथून गुबेर मार्केट. मासळीच्या बाजूला दाजी फिरकले नाहीत, पण कांद्याच्या गल्लीत त्यांचे पाय थबकले. सांबारात घालतात त्या बारीक कांद्याचे ढीग. एक उचलून त्यांनी अंगठ्याने दाबला, पत्ती सोलून पाहिली, वास घेतला. "अहो, ही तर गोल्टी!" आमच्याकडे लिलावात मोठा माल वेगळा काढला की उरते ती गोल्टी, सगळ्यांत कमी भावाची. इथे मोठ्या कांद्यापेक्षा या बारक्याला भाव जास्त. हा कांदा जातीनेच लहान, हे विक्रेत्याने खुणेने समजावलं. त्याला मराठी येत नाही, दाजींना तमिळ येत नाही; तरी दोघे बराच वेळ माती, पाणी आणि दलाल या विषयांवर बोलत होते. दाजींनी पाव किलो घेतला, रोपं करून पाहायला.

संध्याकाळी झाडांखाली म्हातारी माणसं पेतांक खेळताना दिसली. लोखंडी गोळे, आणि लांब टाकलेली एक छोटी लाकडी गोळी. जो गोळा तिच्या सर्वांत जवळ, त्याचा गुण. दोन गोळ्यांमधलं अंतर डोळ्यांना कळेना, तेव्हा एकाने खिशातून टेप काढली आणि बाकीचे त्याच्या डोक्यावर वाकले. गोट्या खेळताना वितीवरून व्हायची तीच भांडणं, फक्त फ्रेंचमिश्रित तमिळमध्ये. 1 नोव्हेंबर 1954 ला इथला कारभार भारताकडे आला. कायद्याने हस्तांतर झालं 1962 मध्ये, आणि त्या वेळी ज्यांनी फ्रेंच नागरिकत्व निवडलं त्यांच्या घरांतली माणसं आजही फ्रान्सच्या अध्यक्षासाठी इथूनच मत देतात. टेपवाले आजोबा फ्रेंच सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांना पेन्शन युरोत मिळते, हे कळल्यावर दाजींनी त्यांच्याकडे नव्या आदराने पाहिलं.

शुक्रवार, जिंजी

मागच्या खेपेला जिंजी राहून गेली होती. अंतर सुमारे 70 किलोमीटर, सकाळी लवकर गाडी केली. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग, अशा तीन टेकड्या एका तटात बांधलेल्या. मोठमोठ्या गोल शिळा एकमेकींवर अशा तोललेल्या की वर चढताना मान आपोआप खाली जाते. राजगिरीच्या माथ्याजवळ खोल घळ आहे. ती ओलांडायला एक चिंचोळा पूल. तो काढला की गड तुटला.

शिवाजी महाराजांनी 1677 च्या कर्नाटक स्वारीत हा गड घेतला. त्याच स्वारीत त्यांनी शेरखान लोदीचा पराभव केला, आणि फ्रेंचांना पाँडिचेरीत जागा दिली होती ती याच शेरखानाने. तिथला फ्रेंच कारभारी फ्रांस्वा मार्टिन याने लगोलग महाराजांकडे वकील पाठवला, वस्ती वाचवली आणि या घडामोडी आपल्या आठवणींत लिहून ठेवल्या.

आम्हा शिरूर-दौंडच्या माणसांना या गडाची वाट घरापासूनच माहीत आहे. दौंडजवळ भीमेपलीकडे पेडगावचा बहादूरगड. संभाजी महाराजांना 1689 च्या फेब्रुवारीत कैद करून आणलं ते तिथेच. 11 मार्चला त्यांची हत्या झाली, आणि शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला त्यांची समाधी आहे. त्यानंतर राजाराम महाराज मोगलांच्या हातावर तुरी देत थेट इथे पोचले आणि या गडावरून स्वराज्याचा कारभार चालला. झुल्फिकार खानाने सात-आठ वर्षं वेढा घातला. 1698 मध्ये गड पडला, पण त्याआधीच महाराज निसटले होते. वढूला दर वर्षी जाणारे दाजी पुलापाशी येऊन गप्प झाले. मग म्हणाले, "तिकडं संपलं असं औरंगजेबाला वाटलं, आणि इथं चालूच होतं की."

2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांतला महाराष्ट्राबाहेरचा हा एकच. व्यंकटरमण मंदिरातले काही खांब फ्रेंचांनी पाँडिचेरीला नेले, असं तिथल्या पहारेकऱ्याने सांगितलं.

शनिवार, पाँडिचेरी

सकाळी पुन्हा समुद्रावर, गांधीजींच्या पुतळ्यापाशी. भोवती उभे कोरीव दगडी खांब जिंजीहूनच आलेले, असं सगळे सांगतात. 2015 च्या फोटोंत हे खांब गांधीजींच्या मागे अर्धवट आले आहेत. आज गांधीजी अर्धवट आले आणि खांब पुरे. हिने एकेक नक्षी जवळून टिपली.

मराठ्यांचा या शहराशी आणखी एक गमतीचा संबंध आहे. 1740 मध्ये अर्काटचा नवाब मराठ्यांशी लढताना मारला गेला आणि त्याच्या घरच्यांनी पाँडिचेरीत आसरा घेतला. नागपूरकर रघुजी भोसल्यांनी दटावलं, तरी गव्हर्नर ड्युमाने त्यांना बाहेर काढलं नाही. उलट त्याने रघुजींकडे फ्रेंच मद्याच्या बाटल्या नजर केल्या, त्या त्यांच्या बायकोला फार आवडल्या आणि मराठ्यांचा राग निवळला, असा किस्सा सांगतात. दाजींनी तुळशीच्या माळेला हात लावला. ताई म्हणाली, "ऐकलं तर पाप लागत नाही हो."

भारती पार्कमधला आयी मंडप दाजींना सर्वांत पटला. एका राजाने आयी नावाच्या गणिकेचं घर देऊळ समजून नमस्कार केला, चूक कळल्यावर ते पाडायचा हुकूम दिला. तिने स्वतःच घर पाडून त्या जागी गावासाठी तळं खणलं, अशी कथा. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात त्या तळ्याचं पाणी शहरात आणलं गेलं आणि तिच्या नावाने हा पांढरा मंडप उभारला. "पाणी दिलं म्हणून देऊळ बांधलं. आमच्याकडं कालव्याचं आवर्तन सोडलं की फ्लेक्स लागतो," दाजी म्हणाले.

दुपारी तमिळ वस्तीतल्या वैश्याळ रस्त्यावर गेलो. पुढे लाकडी खांबांचे ओटे, आत चौक. इथली घरं दुरुस्त करून घेण्यासाठी इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेने मालकांना हाताशी धरलं आणि 2008 मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. एका ओट्यावर गवंडी चुन्याचा गिलावा घोटत होता. पोस्टकार्डावरचा पिवळा रंग त्यावर बसायचा तो नंतर. पहिल्या खेपेला मी रंग पाहिला होता, आणि या खेपेला गवंडी. पाँडिचेरी सुंदर का राहिली, हे त्याच्या थापीकडे पाहून जास्त कळतं.

उद्या तंजावर. व्यंकोजीराजांच्या वंशजांनी वाढवलेलं सरस्वती महाल ग्रंथालय आणि तिथले मोडी कागद हिला आधी पाहायचेत. दाजींना आधी बृहदीश्वर. निकाल बसमध्ये लावू.

(पुढील भाग : तंजावर)