दराजानी बाजारातली दुपार

झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये आम्ही वाटाड्याबरोबर खात खात दराजानी बाजार फिरलो. उरोजो म्हणजे पिवळी, आंबट, पातळ आमटी. तीत भजी, बटाटे, वर कसाव्याचा कुरकुरीत चुरा. भज्यांना तिथे ‘बजिया’ म्हणतात, म्हणून अम्मी खूश! ‘हलाल आहे ना?’ विचारल्यावर विक्रेता नुसता हसला. जवळच असरची अजान चालू होती.

मंदाझीची पुडी घेऊन पुढे निघालो. चर्चपाशी वाटाड्या थांबला. इथे गुलामांचा बाजार भरायचा, १८७३ मध्ये बंद झाला. इथल्या लवंगांच्या बागांतही गुलामच राबले.

“विकणारे कोण होते?” मुलीने विचारलं.

वाटाड्याने आमच्याकडे पाहिलं. आम्ही गप्प.

“त्यांत आपलेही होते, बेटा,” अम्मी म्हणाली, “कलमा पढणारे.”

पुडीतले मंदाझी हॉटेलपर्यंत तसेच राहिले.