वाळवंटाकाठचा समुद्र : मांडवीतील चार निवांत दिवस

सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या सहली बहुधा दोन टोकांना असतात. एक तर "आता दगदग नको" असे म्हणून मुले त्यांना घरीच बसवतात, नाही तर सात दिवसांत नऊ स्थळे उरकणाऱ्या बसमध्ये बसवून देतात. पहिल्याने मन कोमेजते, दुसऱ्याने शरीर थकते. या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे एकच गाव, एकच मुक्काम आणि दिवसाला एकच कार्यक्रम. अशा विश्रांतीसाठी नाशिककरांना मी कच्छमधील मांडवी सुचवतो.

कच्छ म्हटले की डोळ्यांपुढे रणच येते. परंतु या कोरड्या, काटेरी बाभळींच्या मुलखाची दक्षिण कड समुद्राला भिडते आणि तेथेच, रुक्मावती नदीच्या मुखाशी, मांडवी वसली आहे. सोळाव्या शतकात राव खेंगारजी यांनी वसवलेल्या या बंदरातून मस्कत आणि पूर्व आफ्रिकेपर्यंत जहाजे जात. नदीच्या काठी आजही लाकडी जहाजे बांधली जातात. रस्त्याच्या कडेला उभे राहून, पाहिजे तर घडीची खुर्ची टाकून, सुतारांचे काम तासभर पाहावे. पायऱ्या नाहीत, घाई नाही. गुडघ्यांना न दुखवता पाहता येणारी अशी स्थळे फार थोडी.

नाशिककरांचे या गावाशी आणखी एक नाते आहे. क्रांतिकारक श्यामजी कृष्ण वर्मा यांचा जन्म १८५७ साली मांडवीत झाला. त्यांनी लंडनमध्ये स्थापन केलेल्या 'इंडिया हाउस'मध्ये आपल्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर १९०६ साली राहावयास गेले. श्यामजींचे निधन १९३० साली जिनिव्हात झाले आणि त्यांच्या अस्थी २००३ साली मायदेशी आल्या. मांडवीजवळील 'क्रांतितीर्थ' या स्मारकात लंडनच्या त्या वास्तूची प्रतिकृती उभारली आहे. ज्या ज्येष्ठांनी हा इतिहास लहानपणी घरी ऐकला, त्यांना तेथे सांगण्यासारखे पुष्कळ आठवते. आणि सोबतच्या नातवंडांना ऐकण्यासारखे पुष्कळ मिळते.

आता प्रवासाचा विचार. नाशिकहून आधी मुंबई गाठावी, शक्य तर नातलगांकडे एक रात्र थांबावे आणि दुसऱ्या दिवशी भुजची गाडी धरावी. दादरहून सयाजीनगरी एक्स्प्रेस व वांद्रे टर्मिनसहून कच्छ एक्स्प्रेस जाते. विमानाचाही पर्याय आहे. रेल्वेत ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. एका तिकिटावर एक किंवा दोनच ज्येष्ठ असतील तर तो लागू होतो, हे आरक्षण करताना ध्यानात ठेवावे. गाडीत जागेपणी दर तासा-दीड तासाने उठून चार पावले चालावे, बसल्या बसल्या घोटे वर-खाली हलवावेत. पायांत रक्त साकळू नये म्हणून हे आवश्यक आहे. स्वच्छतागृहात वारंवार जावे लागेल या भीतीने अनेकजण प्रवासात पाणीच पीत नाहीत. ही सवय घातक आहे. भुजहून मांडवी सुमारे साठ किलोमीटर असून मोटारीने दीड तास पुरतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. निफाडची थंडी अनुभवलेल्यांना तेथील थंडीचे अप्रूप नाही, पण दिवसाचे ऊन आणि पहाटेचा गारठा यांतील अंतर मोठे असते. दमा व हृदयविकार असणाऱ्यांनी पहाटे समुद्रावर जाण्याचा मोह टाळून ऊन चढल्यावर, साडेआठनंतर जावे. कानटोपी व हातमोजे सोबत असावेत.

या हवेचा एक धोका मात्र फसवा आहे. समुद्रवाऱ्यामुळे घाम लगेच वाळतो, उकडत नाही आणि शरीरातील पाणी कमी होत असल्याचे कळत नाही. वयानुसार तहानेची जाणीवही मंदावलेली असते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता दर तासाला अर्धा पेला पाणी घ्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, अथवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर पाण्याचे व गोळ्यांचे प्रमाण निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. उठताना चक्कर, अचानक आलेली सुस्ती किंवा बोलण्यातील गोंधळ यांना "प्रवासाचा शीण" समजून दुर्लक्षू नये. अशा वेळी तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.

मधुमेहींनी वाळूत अनवाणी चालू नये. तळपायांची संवेदना कमी झालेली असल्यास दुपारच्या तापल्या वाळूने फोड आलेलाही कळत नाही. मागे पट्टा असलेल्या बंद चपला घालाव्यात आणि रात्री पाय उजेडात तपासावेत. ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू चालण्यास सोपी. कोरड्या वाळूत काठी रुतते आणि तोल जातो. उंटाची सफर हाडे ठिसूळ झालेल्यांनी नम्रपणे नाकारावी. उंट उठताना व बसताना बसणारा हिसका कंबरेच्या मणक्यांना सोसत नाही.

दाबेलीचे माहेर म्हणून मांडवी ओळखली जाते. ती खावीच, मात्र अर्धी, आणि कवळी असल्यास शेंगदाणे बाजूला काढून. पापड, लोणचे, फरसाण यांतील मीठ रक्तदाबाच्या रुग्णांनी मोजून घ्यावे. बाजरीची भाकरी, खिचडी, कढी हे तेथील जेवण आपल्या पोटाला परके नाही.

औषधे दुप्पट घेऊन दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावीत. इन्सुलिन बंद मोटारीत किंवा बर्फाला चिकटवून ठेवू नये. चालू औषधांची यादी व शेवटचा ईसीजी जवळ असावा. मोठे सरकारी रुग्णालय भुजला आहे. मुक्कामाच्या जागी पोहोचताच जवळच्या डॉक्टरांचा व रुग्णवाहिकेचा क्रमांक विचारून ठेवावा.

गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे एक आजी आल्या. पतीला पक्षाघात होऊन दोन वर्षे झालेली; रात्री तीनदा उठणे, कूस बदलणे, भरवणे हे सारे त्यांच्याकडेच. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, यांना नेता येईल का, हे मुलगा विचारेलच. मला जरा बसता येईल अशी जागा सांगा." पतीची प्रकृती स्थिर होती. मी होकार दिला, पण एका अटीवर : चार दिवस रात्रीची पाळी मुलाने घ्यायची. तिघे मांडवीस गेले. तळमजल्यावरची खोली, न्हाणीघरात आधाराची दांडी, समोर समुद्र. विजय विलास राजवाडा त्यांनी बाहेरूनच पाहिला, कारण गच्चीवर जाण्यास जिने चढावे लागतात. पांढरे रण तर पाहिलेच नाही. मांडवीहून ते सुमारे एकशेचाळीस किलोमीटर आहे, आणि एका दिवसात जाऊन येणे म्हणजे विश्रांतीवर पाणी सोडणे. परतल्यावर आजींनी सांगितलेली बातमी एवढीच होती, की त्या सलग सात तास झोपल्या.

काळजीवाहूची झोप हीसुद्धा घरातील एक औषधयोजनाच आहे, आणि ती बहुतेक घरांत लिहून दिलेली नसते. म्हणून सहलीचा बेत आखताना कागदावर दोन रकाने करावेत. एकात ज्येष्ठांच्या गोळ्यांच्या वेळा. दुसऱ्यात, त्यांना सांभाळणारी व्यक्ती कोणत्या वेळी मोकळी राहील आणि तेव्हा तिची जागा कोण घेईल. दुसरा रकाना भरता येत नसेल तर तिकिटे काढू नयेत. आधी घरातील माणसांशी बोलावे. तो भरला, तर मांडवीला समुद्राकाठी संध्याकाळी दोन खुर्च्या टाकून बसण्याखेरीज काही करावे लागत नाही.