विहीर सगळ्यांची

ख्रिस्ती माणसानं जगासाठी मीठ व्हावं, दिवा व्हावं, हे तुम्ही देवळात ऐकता. पण म्हणजे नेमकं करायचं काय? वर्गात हा प्रश्न आला, की मी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची गोष्ट सांगते.

ते आपल्या वसईतल्याच नंदाखालचे, जन्म १९४२ चा. इथल्या विहिरींचं गोडं पाणी टँकर भरभरून बाहेर जाऊ लागलं, केळीच्या वाड्या जाऊन इमारती येऊ लागल्या, तेव्हा ते हरित वसई संरक्षण समितीतून लोकांबरोबर रस्त्यावर उतरले. धमक्या आल्या. फादर हटले नाहीत. त्यांच्याबरोबर सगळ्या धर्मांची माणसं होती. आटणारी विहीर धर्म विचारते का हो?

२०२० साली ते उस्मानाबादच्या (आताचं धाराशिव) मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मगुरू म्हणून काहींनी विरोध केला. आजारी असूनही फादर गेले, बोलले. २०२४ च्या जुलैत ते वारले.

मोर्चा काढायला तुम्ही लहान आहात, कबूल. पण शाळेचा नळ वाहत असतो ना? आमच्या चौथीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत तो बंद करून येते. कुणी सांगितलेलं नाही तिला. हल्ली तिच्याआधी पोचायला दोघं-तिघं पळतात.