यमराजाच्या दरबारात संप

१९७९ साली ‘लोक परलोक’ नावाचा एक हिंदी चित्रपट आला होता. नायक जितेंद्र, नायिका जयाप्रदा आणि यमराज झाले होते प्रेमनाथ. मूळ कथा तेलुगूतली. १९७७ च्या ‘यमगोला’त एन. टी. रामाराव नायक होते. आज ‘लोक परलोक’चे नाव फारसे कुणी घेत नाही, आणि खरे सांगायचे तर कलेच्या दृष्टीने घ्यावे असे त्यात काही नाही. रंगवलेला यमलोक, धुराचे लोट, चकाकणारे मुकुट आणि मध्येच घुसणारी गाणी! तरीही हा चित्रपट लागला की आमच्या घरात चहा गार होतो.

याला कारण आहे. या चित्रपटातला नायक यमलोकात गेल्यावर हात जोडून रडत बसत नाही. तो यमदूतांना त्यांच्या हक्कांची जाणीव करून देतो आणि मालकाविरुद्ध, म्हणजे खुद्द यमराजाविरुद्ध उठवतो. नरकात युनियन! ज्या घरांनी १९८२ चा गिरणी संप सोसला, त्या घरांत या प्रसंगाला कसे हसू फुटते ते सांगायला नको.

आमच्या विहारातल्या एका जुन्या उपासकांना हे पसंत नाही. ते म्हणतात, “बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात यमराज कशाला हवा?” त्यांच्या म्हणण्याचा आम्ही मान राखतो. पण श्राद्धपक्ष व पिंडदान करणार नाही ही सहावी प्रतिज्ञा आम्ही पाळतो, म्हणून तर यमराजाला हसू शकतो. जत्रेत नरकयातनांची चित्रे विकायला असत. कुणाला करवतीने कापताहेत, कुणाला कढईत तळताहेत. ती चित्रे पाहून आमच्या आज्या रात्रभर झोपत नसत. त्यांच्या नातवंडांना तोच यमराज विनोदी नट वाटतो, हे थोडे झाले काय?

मात्र या चित्रपटांचे हसू अर्ध्या वाटेवर थांबते, ही आमची तक्रार आहे. १९९५ च्या ‘तकदीरवाला’त यमराज कादर खान आणि चित्रगुप्त असरानी. चित्रगुप्ताची भविष्याची वही पृथ्वीवर पडते आणि नायकाच्या हाती लागते. केवढी मोठी संधी! याच वहीच्या नावाने तर आमच्या पूर्वजांना सांगितले गेले की तुमचा जन्म, तुमची जात, तुमच्या वाट्याचे शिळे अन्न हे सगळे मागल्या जन्मीचे लिहिलेले आहे. पण नायक काय करतो? वही वाचून स्वतःचे नशीब उजळून घेतो. ती कोणी लिहिली, कोणत्या अधिकाराने लिहिली, हा प्रश्न त्याला पडत नाही. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला अशाच एका वहीचे काय केले, ते आपल्या घरातले शेंबडे पोरही सांगेल.

जोतिबांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिले. त्यातला जोशी पोटुशी बाईला ग्रहांची भीती घालून तिच्या गरीब घराला लुबाडतो. वाचताना हसू येते आणि संतापही येतो. पण शेवटी ते नवराबायको रात्रीच्या शाळेत जायला निघतात. चित्रपटवाल्यांना हा शेवट परवडत नसावा. देवाची थट्टा करायची आणि जाताना पाया पडून जायचे, म्हणजे तिकीटही खपते व कुणी रागावतही नाही.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. यम पाली वाङ्मयातही आहे आणि तिथे नरकही आहे. पण देवदूत सुत्तातला यम मेलेल्या माणसाला जात विचारत नाही. तो विचारतो, म्हातारा माणूस पाहिला नाहीस? आजारी पाहिला नाहीस? मेलेला पाहिला नाहीस? पाहिलेस, तर मग चांगले काम का केले नाहीस?

आमच्या धाकटीला ही गोष्ट सांगितली, तेव्हा तिने विचारले, “या यमाकडे चित्रगुप्त नाही?” आम्ही म्हटले, नाही. ती म्हणाली, “मग संप कोण करणार?”