आजीच्या कानांसाठी टायर

जुन्या गाडीचा आवाज वाढला की आपण आधी इंजिनाकडे बोट दाखवतो. आमच्या २००९ च्या अल्टोत मात्र दोष चाकांचा निघाला. पन्नासच्या पुढे वेग गेला की खालून असा घों-घों आवाज यायचा, की मागच्याचं बोलणं पुढच्याला कळत नसे. सगळ्यात जास्त त्रास आजीला. तिच्या कानातलं यंत्र बोलण्याबरोबर हा आवाजही मोठा करतं. म्हणून बेळगावहून खानापूरला बहिणीकडे जाताना ती यंत्र काढून पर्समध्ये ठेवायची. आम्ही गप्पा मारायचो आणि ती खिडकीबाहेर बघत बसायची.

बाबांचं म्हणणं, "दोन वर्षांनी गाडी विकायचीच आहे, आता कशाला खर्च?" शेवटी १२,००० रुपयांची मर्यादा ठरली.

असा आवाज बेअरिंगचाही असू शकतो. मिस्त्रींनी खूण सांगितली : वळताना आवाज कमी-जास्त झाला तर संशय बेअरिंगवर, रस्ता बदलताच बदलला तर टायरवर. आमचा आवाज गुळगुळीत डांबरावर एकदम उतरायचा. मग टायरच्या कडेवरचे, डीओटी या अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचले : १९१४. म्हणजे २०१४ सालचा एकोणिसावा आठवडा! नक्षी शिल्लक होती, पण रबर वयानं कडक झालं होतं, बारीक भेगाही पडल्या होत्या.

दुकानदारानं रुंद टायर पुढे केले. "गाडीला रुबाब येईल की!" पण रुंद टायर सहसा जास्त आवाज करतो, आणि आमच्या गाडीला पॉवर स्टीअरिंगही नाही. मूळ मापच ठेवलं, १४५/८० आर १२. रुंदी १४५ मिमी आणि कडेची उंची तिच्या ८० टक्के, म्हणजे ११६ मिमी. खड्ड्याचा पहिला धक्का ही उंच कडच सोसते. नक्षीत मोठे, एकसारखे ठोकळे टाळले. सारखे ठोकळे एका लयीत रस्त्यावर आपटले की एकच सूर लावून धरतात. लहान-मोठे असले की आवाज विखुरतो, कानाला टोचत नाही.

चार टायर, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट मिळून ११,६०० रुपये झाले.

गाडी काही नवी झाली नाही. पातळ दारांतून वारा अजून ऐकू येतो, आणि झिजलेल्या शॉकॲब्सॉर्बरचं काम टायर करत नाहीत. पण पुढच्या रविवारी मच्छे मागे पडलं तरी आजीचं यंत्र कानातच होतं. मी सवयीनं मोठ्यानं काहीतरी विचारलं, तर म्हणाली, "ओरडतोस कशाला? ऐकू येतंय की मला." मग खानापूर येईपर्यंत तीच बोलत होती. बहिणीच्या लग्नात वऱ्हाडाची बैलगाडी चिखलात रुतली होती, ही गोष्ट बाबांनीसुद्धा पहिल्यांदाच ऐकली.

हवा मात्र जपावी लागते. कमी पडली तर टायरच्या कडा झिजतात, जास्त झाली तर गाडी दणके देते. दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवरचा आकडा बघायचा आणि टायर थंड असताना तपासायचं. दर पंधरवड्याचं हे काम आता माझ्याकडे आहे.