पडद्यावरचे एकोणीस

इथे सगळे पाटी-पेन्सिलीच्या आठवणी लिहितात, मी जरा अलीकडची लिहिते.

आमचं घर सुर्ल्याला, डिचोली तालुक्यात. जवळच्याच एका हायस्कुलात मी भूगोल शिकवायचे. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाली आणि जूनपासून वर्ग मोबाईलवर आला. मुलांचे कॅमेरे बंद, आवाज बंद. "समजलं का रे?" विचारलं की दोघं-तिघं "होय टीचर" म्हणायची. बाकी सामसूम.

पुण्याला असलेल्या माझ्या भाचीने मला मेंटीमीटर दाखवलं. हे मूळ स्वीडनचं ॲप. आपण प्रश्न टाकायचा, मुलांनी कोड घालून उत्तर द्यायचं. कोणी काय लिहिलं ते दिसत नाही, फक्त उत्तरं दिसतात. जो शब्द जास्त मुलं लिहितात तो पडद्यावर मोठा होतो.

आठवीला मी पहिला प्रश्न टाकला, "सुर्ला म्हटल्यावर काय आठवतं?" शब्द भराभर उमटले. ट्रक, धूळ, बार्ज, देऊळ, नदी. सगळ्यात मोठा झाला "ट्रक". खाणी 2018 मध्ये पुन्हा बंद पडल्या होत्या, कितीतरी घरांपुढे ट्रक नुसते उभे होते. त्या दिवशी खनिज धक्क्यावरून बार्जने मुरगाव बंदराला कसं जातं, हा धडा मुलांनीच मला शिकवला म्हणा ना!

मग धीर करून विचारलं, "कालचा अक्षांश-रेखांशाचा धडा समजला का?" एकोणीस उत्तरं आली. त्यातली अकरा होती "काहीच नाही". इतकी वर्षं "होय टीचर" ऐकून मी पुढे जात आले होते. नाव दिसणार नाही म्हटल्यावर पोरं खरं बोलली. वाईट वाटलं, पण धडा पुन्हा घेतला. या खेपेला घरातला नारळ हातात धरून.

पालकांच्या मीटिंगमध्ये मी अभिमानाने सांगितलं, "आता सगळी मुलं उत्तरं देतात." रात्री हजेरीचं पुस्तक उघडलं. पटावर मुलं अठ्ठावीस. पडद्यावर एकोणीस. उरलेली नऊ कुठे होती?

दुसऱ्या दिवशी मास्क लावून स्कूटर काढली. एका घरी फोन एक आणि भावंडं तीन. एका घरी रेंज फक्त मागच्या डोंगरावर. एका मुलीने दारातूनच सांगितलं, "टीचर, फोन बाबाकडे असतो ना, तो रात्री येतो." बाबा आता दुसऱ्याची गाडी चालवायचा. तिने वही आणून दाखवली. मैत्रिणीकडून रोजचे प्रश्न विचारून घेऊन तिने सगळी उत्तरं लिहिली होती. तारखेसकट. तपासायला कोणी नव्हतं. मी पायरीवर बसून लाल पेनाने तपासली. तिची आई चहा घेऊन आली, पण मला तिच्याकडे बघवेना.

त्यानंतर रोजचे प्रश्न मी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायचे, म्हणजे रात्री फोन मिळाला तरी चालेल. ज्यांना तेही जमत नव्हतं त्यांच्या वह्या शनिवारी गोळा करायचे.

शाळा पुन्हा भरली तेव्हा वर्गात बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला. धडा संपला की प्रत्येकाने बिननावाची चिठ्ठी टाकायची, समजलं की नाही. आधी चिठ्ठ्या मोजायच्या, मग वाचायच्या. निवृत्त होईपर्यंत हा नेम मोडला नाही.

तुमच्या घरी त्या वर्षी फोन कोणाच्या वाट्याला यायचा? जरूर लिहा.